निर्दोष सुटला की विषय संपला? हा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी वाचा

नाशिकच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कोर्टाने एकदा निर्दोष सोडलं की राज्यघटनेच्या कलम २०(२) मुळे त्या माणसाला परत कुणी हात लावू शकत नाही, वरच्या कोर्टात जाऊन उपयोग नाही, बाहेर येऊन गुन्हा कबूल केला तरी काही होत नाही, आणि त्याच व्यवहारावरून दुसरी केस तर टाकताच येत नाही. यात थोडं खरंय, पण जे खोटंय ते नेमकं फिर्यादीच्या मुळावर येणारं आहे.

आधी ते कलम २०(२). निर्दोष सुटलेल्यांशी त्याचा फारसा संबंधच नाही हो! एका गुन्ह्यासाठी खटला चालून शिक्षा झाली असेल तर त्याच गुन्ह्यासाठी परत खटला आणि शिक्षा नको, एवढंच ते म्हणतं. सुटलेल्याला संरक्षण मिळतं ते जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे तो कायदा) कलम ३०० मधून, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३३७ मधून. त्यातही अट आहे की सुटकेचा निकाल अंमलात असेपर्यंतच दुसरा खटला चालत नाही, वरच्या कोर्टाने तो रद्द केला की संरक्षणही गेलं. आणि डिस्चार्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपीचं नाव वगळणं, ही निर्दोष सुटका नव्हे, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय, तरी लोक "केसमधून नाव निघालं" की पेढे वाटतात.

दुसरं, "वर जाऊन उपयोग नाही". अपील म्हणजे नवा खटला नाहीच, त्याच खटल्याचा पुढचा टप्पा आहे. सरकारला सुटकेविरुद्ध अपील करता येतं आणि २००९ च्या शेवटापासून पीडितालाही येतं. आपल्याच जिल्ह्यातलं बघा, मालेगावच्या २००८ च्या स्फोटात मुंबईच्या विशेष कोर्टाने ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपींना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध पीडितांचे नातेवाईक हायकोर्टात गेलेत. कोण बरोबर तो विषय वेगळा, पण दार बंद नव्हतं ना? बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात तर २१ जण सुटले, गुजरात हायकोर्टाने सुटका कायम ठेवली, तरी सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये पूर्ण खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला आणि २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली, त्यातले पाच पुढे २०१२ मध्ये मुंबई हायकोर्टातून सुटले. म्हणजे वर गेलं की जिंकलंच असंही नाही. पुराव्यातून दोन्ही निष्कर्ष निघत असतील तर वरचं कोर्ट सहसा सुटकेला हात लावत नाही.

कबुलीचा मुद्दा आलाय अमेरिकेतून. तिथे १९५५ मध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाच्या खुनातून दोघं सुटले आणि काही महिन्यांत पैसे घेऊन एका मासिकाला खून केल्याचं सांगून मोकळे झाले, तिथे सुटकेविरुद्ध सरकारला अपीलच नाही. इंग्लंडने २००३ च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांत नवा ठोस पुरावा आला तर पुन्हा खटल्याची सोय केली. आपल्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे अपिलाचे सगळे रस्ते संपल्यावर कुणी कबूल केलं तर फॉरवर्ड इथे जवळपास बरोबर आहे, मान्य.

राहिली दुसरी केस, आणि इथेच निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांचं नुकसान होतं. व्यापारी माल तोडून नेतो, चेक देतो, बँकेतून "खात्यात पुरेशी रक्कम नाही" असा मेमो चिकटून चेक परत येतो. मग १३८ ची केस (चेक न वटल्याचा गुन्हा ठरवणारं कलम), आणि त्यात तो सुटला की लोक कपाळाला हात लावून बसतात. अहो, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की चेकच्या केसमधला तक्रारदार हाही पीडितच, त्यामुळे मॅजिस्ट्रेटच्या निकालावर अपील करायला मुंबईला हायकोर्टात जाऊन परवानगी मागायची गरज नाही, नाशिकच्या सेशन्स कोर्टातच करता येतं. निकालाची नक्कल लगेच काढा फक्त, मुदत बघत बसू नका. फसवणुकीची वेगळी केस चालते का, यावर मात्र सुप्रीम कोर्टाचेच दोन निकाल एकमेकांविरुद्ध आहेत. २०१२ चा म्हणतो दोन्ही गुन्हे वेगळे, चालते, २०११ चा म्हणतो तीच हकिकत असेल तर नाही. २०२२ मध्ये हा घोळ मोठ्या बेंचकडे पाठवलाय. त्यामुळे "टाकताच येत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्याला आधी विचारा, बाबा, यातला कुठला निकाल वाचलास?