जरबेराच्या पाण्यात साखर: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून तुम्ही जरबेराच्या १० काड्या आणल्या, पाण्यात दोन चमचे साखर घातली. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ, वास सुटलेला आणि सगळ्या फुलांनी माना टाकलेल्या. 'आमची आई रोज सकाळी पाणी बदलायची, बाकी काही नाही, तरी तिची फुलं आठवडाभर टिकायची. ऐकीव उपाय लिहू नका,' असं तुम्ही म्हणता. तुमचा राग रास्त आहे. उपाय ऐकीव नाही, पण मी तो अर्धवट लिहिला आणि सगळ्या फुलांना लावला. ही माझी चूक.

मी साखर वापरते ती गुलछडीच्या काडीसाठी. गुलछडी खालून वर उमलत जाते. काडी तोडली की झाडाकडून येणारं अन्न थांबतं, आणि वरच्या कळ्यांना उमलायला काडीतली साखर पुरत नाही. ग्लॅडिओलसचंही तसंच. जरबेरा मात्र उमलल्यावरच काढतात. त्याचा देठ लवदार, मऊ. पाण्यात बुडालेला भाग लवकर सडतो. त्यात साखर मिळाली की जिवाणू भराभर वाढतात आणि देठातल्या पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या बुजवतात. फुलापर्यंत पाणी पोचत नाही आणि फुलाखालच्या नाजूक जागी देठ वाकतो. तुमची फुलं पाण्यात उभी राहून तहानेनं गेली, ताई. वाचून मला फार वाईट वाटलं.

तुमच्या आईंच्या पद्धतीतलं 'रोज' हेच खरं औषध आहे. जरबेराला साबणाने घासलेली फुलदाणी, दोनच इंच पाणी आणि ते रोज नवं, एवढं पुरतं. एक दिवसाआड देठाचं टोक बोटाच्या रुंदीएवढं तिरकं कापा.

गुलछडीला साखर घालायचीच असेल तर एकटी नको. १ लिटर पाण्याला १ चमचा साखर, २ चमचे लिंबाचा रस आणि घरातल्या ब्लीचचे ४-५ थेंब. साखर कळ्यांसाठी, लिंबू पाणी आंबट करण्यासाठी, ब्लीच जिवाणूंसाठी. लिंबू आणि ब्लीच पाण्यात वेगवेगळं घाला, नुसतं एकमेकांत कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. हेही पाणी दोन दिवसांनी बदलायचं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. देठ ठेचून ठेवला की पाणी चांगलं चढतं, असं तुम्ही लिहिलंय. ठेचल्याने त्याच नळ्या चिरडतात आणि बाहेर आलेल्या रसावर जिवाणू पोसतात. धारदार सुरी घ्या, जमलं तर पाण्यात बुडवूनच कापा, म्हणजे नळीत हवा शिरत नाही.

राहिलं फुलवाल्याचं. 'ते शिळाच माल गळ्यात मारतात' हे सरसकट मला पटत नाही. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी गेलं तर पारखून घेऊ देणारे पुष्कळ भेटतात, फक्त पारखायचं काय ते ठाऊक हवं. जरबेराच्या फुलावरची प्लॅस्टिकची पिशवी सरकवून मधली चकती बघा. कडेच्या दोन-तीन ओळींतच पराग दिसला तर फूल ताजं. सगळी चकती परागाने भरली असेल तर जुनं. डच गुलाबाची कळी देठाला चिकटते तिथे हलकेच दाबा, टणक लागली पाहिजे. बाहेरची एखादी पाकळी डागाळलेली असली तर सोडून देऊ नका, ती आतल्यांना जपणारी असते. आणि गुलछडीची काडी खालची दोन-तीन फुलं उमललेली असतील तीच घ्या. पूर्ण मिटलेली स्वस्त मिळते, पण घरी नीट उमलत नाही.

मूळ लेखातला साखरेचा परिच्छेद आज बदलला आहे. जरबेरा पुन्हा आणलात तर या वेळी नुसतं पाणी, दोन इंच, आणि किती दिवस टिकला ते मला नक्की कळवा.