‘दुमजली घराला डिझाइन कशाला?’ या संदेशाचा प्रतिवाद

मुंबईच्या गावठाणांत आणि कोळीवाड्यांत जुने घर पाडून नवे बांधणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येणारा एक संदेश सांगतो, की एकमजली वा दुमजली घराला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागत नाही. संदेशानुसार, मुंबई काळ्या खडकावर उभी असल्याने पायाची आणि भूकंपाची चिंता नको. नऊ बाय बारा इंचांचे कॉलम (खांब) घ्यावेत, सळई थोडी जास्त टाकावी आणि फी वाचवावी.

खडकाचा दावा अर्धाच खरा आहे. शहराखाली बेसॉल्ट हा काळा खडक आहे, परंतु मोठा भाग खाड्या बुजवून केलेल्या भरावावर आणि मऊ सागरी चिकणमातीवर वसलेला असल्याने एका घराखाली हाताभरावर लागणारा खडक पलीकडच्या गल्लीत बराच खोल असू शकतो. शेजाऱ्याच्या फुटिंगचे, म्हणजे खांबाखालच्या पायाचे, माप म्हणूनच उचलता येत नाही.

भूकंपाबाबत, आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन ३ म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे आणि भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचे त्याच वर्षीचे मानक आयएस १३९२० कॉलमची किमान बाजू ३०० मिमी मागते. नऊ इंच म्हणजे जेमतेम २३० मिमी.

सर्वांत घातक सल्ला सळईचा आहे. बीममध्ये (आडव्या तुळईत) प्रमाणाबाहेर सळई भरली, तर अतिभाराखाली ती ताणली जाण्याआधी काँक्रीट चिरडते आणि बीम तड्यांचा इशारा न देता एकाएकी मोडतो. शिवाय सळयांच्या दाटीत ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरत नाही आणि सांध्यात पोकळ्या राहतात. सळई कुठे बसते, हे ती किती आहे याइतकेच महत्त्वाचे आहे: पुढे काढलेल्या गॅलरीत ताण वरच्या बाजूस येतो, म्हणून मुख्य सळई वर असते, काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरून चालले आणि ती खाली दबली, तर दुप्पट सळईही ती गॅलरी तोलू शकणार नाही. त्यात आपली खारी हवा. किनारी वातावरणासाठी आयएस ४५६ हे काँक्रीटचे मानक किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगते. हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सारले, की सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात.

राहिली फी. महापालिकेच्या परवानगीसाठी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावाच लागतो. त्याच्याकडून केवळ सही न घेता, स्लॅब भरण्याआधी त्याला सेंट्रिंगवर (काँक्रीट ओतण्याच्या साच्यावर) बोलावून सळया, त्यांना वेढणाऱ्या रिंगा आणि कव्हर तपासून घ्यावे.