पैदाशीचा मेंढा: "जितका धिप्पाड तितका चांगला" हे खरे का?

पाऊस जवळ आला की मेंढीपालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश हमखास फिरतो: सगळ्यात धिप्पाड मेंढा घ्या, तो शंभर मेंढ्यांना पुरतो, जुळ्यातला असला की यंदाच जुळी मिळतात, आणि घरचा मेंढा असताना बाहेरचा आणू नका. नागपूर भागातल्या वीस-तीस मेंढ्यांच्या मालकाने हे मनावर घेतले तर सगळा हंगाम वाया जाऊ शकतो.

"धिप्पाड घ्या." बाजारात आणण्याआधी भरपूर खुराक देऊन कोणताही मेंढा गुबगुबीत दिसतो. अंडकोषाच्या मानेत चरबी साठली की तिथली उष्णता बाहेर पडत नाही, आणि वीर्य चांगले बनायला अंडकोष शरीरापेक्षा चार ते सहा अंशांनी थंड लागतो. त्यामुळे तपासणी मागून सुरू करा. दोन्ही गोळ्या सारख्या, आवळलेल्या मुठीच्या स्नायूसारख्या घट्ट आणि पिशवीत मोकळ्या सरकणाऱ्या हव्यात. खालच्या टोकाचा वीर्य साठण्याचा भाग एका बाजूला कडक किंवा सुजलेला लागला, तर किंमत विचारूही नका. मग दात, खूर आणि चाल बघा. दोन दाती ते सहा दाती, म्हणजे पुढचे दोन ते सहा पक्के दात आलेले, वय चांगले. पहिलटकर मेंढ्या लहान चणीच्या असतील तर फार मोठ्या जातीचा मेंढा टाळाच, विताना कोकरू अडते.

इथे नागपूरचा उन्हाळा धरायलाच हवा. वीर्य तयार होऊन वापरात यायला जवळपास दोन महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात उन्हात तापलेल्या मेंढ्याचे नुकसान जून-जुलैत दिसते. मेंढ्या माजावर येतात, मेंढा चढतो, पण त्या गाभण राहत नाहीत. मे महिनाभर त्याला दाट सावली आणि गार पाणी द्या, चराई पहाटे आणि सायंकाळीच करा.

"शंभरांना एक पुरतो." दोन दाती मेंढ्याला पंधरा-वीस आणि पूर्ण वाढलेल्याला पंचवीस-तीस मेंढ्या, एवढेच. शिवाय तो काम करतोय की नुसता हिंडतोय, हे डोळ्यांनी बघता येते. त्याच्या छातीला हळद तेलात कालवून लावा, चढलेल्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर पिवळा डाग उमटतो. माजाचे चक्र सतरा दिवसांचे, म्हणून सतराव्या दिवशी गेरू लावा. पिवळ्या डागांवर बरेच तांबडे डाग आले, तर मेंढ्या उलटताहेत, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येताहेत. मेंढा लगेच बदला.

"जुळ्यातला मेंढा, यंदाच जुळी." मेंढी किती स्त्रीबीजे सोडते ते तिच्यावर ठरते, तिला लागलेल्या मेंढ्यावर नाही. मेंढ्याचा गुण त्याच्या मुलींमध्ये उतरतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीचे बहुप्रसवी (एका वेताला जास्त कोकरे देणारे) जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी घडवली, तिथेही हाच नियम. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या मेंढ्याच्या सगळ्या मुलींना ते मिळते, एकच प्रत असेल तर साधारण निम्म्यांना. फळ दिसते ते त्या मुली विऊ लागल्यावर.

"बाहेरचा नको." रोगाची भीती खरी आहे, पण बाप-लेकींचा संयोग त्यावर उपाय नाही. त्यातून अशक्त कोकरांचे प्रमाण वाढते. मेंढा दोन हंगामांनंतर बदला आणि दुसऱ्या हंगामात त्याच्या मादी कोकरांना वेगळे ठेवा. नवा मेंढा आणण्याआधी त्याच्या रक्ताची ब्रुसेला (गर्भपात आणि वांझपणा आणणारा जीवाणू) तपासणी करून घ्या. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. आणल्यावर तीन आठवडे कळपापासून दूर बांधा. मेंढा सोडण्याच्या दोन महिने आधी खरेदी केली तर या सगळ्याला वेळ मिळतो, आणि त्याचे वीर्य तुमच्या सावलीत तयार होते.