खुलासा : निकी विन्मरने बोट पोटाकडे नव्हे, कातडीकडे दाखवले होते

जर्सी वर उचलून स्वतःकडे बोट दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू निकी विन्मरचा फोटो तुम्ही पाहिला असेल. ‘आमच्यात दम आहे, असं तो पोटाकडे बोट दाखवून सांगत होता, वर्णाचा काही संबंध नव्हता,’ असे त्याबद्दल सांगितले जाते (इंग्रजीत ‘गट्स’ म्हणजे पोटातली आतडीही आणि दमही). ते चूक आहे.

१७ एप्रिल १९९३, मेलबर्नचे व्हिक्टोरिया पार्क. विन्मरच्या सेंट किल्डा क्लबने कॉलिंगवूड क्लबला त्यांच्याच मैदानावर हरवले. विन्मर आणि त्याचा संघसहकारी गिल्बर्ट मॅकॲडम या दोन्ही आदिवासी खेळाडूंना प्रेक्षक दिवसभर वर्णावरून शिव्या घालत होते. सामना संपल्यावर विन्मर त्याच प्रेक्षकांकडे वळला, जर्सी वर केली आणि कातडीवर बोट ठेवले. काळा असल्याचा मला अभिमान आहे, हा त्याचा अर्थ. ‘दमा’ची गोष्ट तेव्हाच्या एका वर्तमानपत्राच्या मथळ्यातून पसरली. २०१९ मध्ये माध्यमांतल्या काही जुन्या मंडळींनी ती पुन्हा उकरून काढली आणि शेवटी त्यांना माफी मागावी लागली. खुद्द विन्मर जिवंत असताना त्याच्या हाताचा अर्थ इतरांनी का लावावा, हे कोडेच आहे!

‘त्यानंतर त्याची कारकीर्द संपली,’ हेही खोटे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिंगेली या छोट्या गावात वाढलेला, तिथल्या नूंगार या आदिवासी समाजातला हा खेळाडू १९९९ पर्यंत खेळला. एकूण २५१ सामने. त्यातले २३० सेंट किल्डाकडून. दोनशेचा टप्पा गाठणारा तो पहिला आदिवासी खेळाडू.

वर्णद्वेषी शेरेबाजीविरुद्धचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा नियम मात्र लगेच आला नाही. तो १९९५ मध्ये, मायकेल लाँग या दुसऱ्या आदिवासी खेळाडूच्या तक्रारीनंतर आला.