खारं वारंसुद्धा न लागलेली जीप

गाडीखाली शिरताना पोट आत घेता येतं, बाहेर येताना येत नाही, हे मला चिपळूणजवळच्या एका अंगणात कळलं. वरून मालक विचारत होते, "दिसतंय का काही?" दिसत होतं ते इतकंच, की माझ्या शर्टाचं तिसरं बटण कुठल्याशा नळीत अडकलंय.

वेल्ह्याकडे आमचे अकरा गुंठे आहेत. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा; जून ते ऑक्टोबर तर तो नसतोच, नुसता राडा. म्हणून जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारी चाकांना देणारी जीप घ्यायची. "ती चार चाकं लावणार कुठे? सिंहगड रोडच्या सिग्नलला?" एवढंच ही म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

सोबतीला मेस्त्री. निम्मं आयुष्य जीपच्या पोटाखाली काढलेला माणूस. आदल्या रात्री त्यांचा फोन आला: आपण पोचेपर्यंत गाडी चालू करायची नाही असं मालकांना बजावा, एक लोहचुंबक घ्या, आणि गाडी आवडली तरी तोंडावर दिसू देऊ नका. तिसरी गोष्ट मला जमली नाही. फणसाखाली उभी असलेली ती हिरवी जीप बघताच मी "अरे वा!" म्हणालो. मेस्त्रींनी असं पाहिलं की पंचवीस हजार तिथल्या तिथे बुडाले.

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम आहे."

"सकाळी जरा दूध आणायला गेलो होतो," मालक म्हणाले. अंगणात बांधलेल्या दोन म्हशींनी रवंथ थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

थंड इंजिन पहिल्या किल्लीला किती नखरे करतं आणि कुठल्या रंगाचा धूर सोडतं, ते गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून हा दूधदौरा असतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. मेस्त्रींनी चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडून वर हात धरला; इंजिन आतून झिजलं की तिथून वाफारा उसळतो. "बॅक कॉम्प्रेशन आहे थोडं. वयाच्या मानानं ठीक." हे ते माझ्याकडे बघून का म्हणाले, कळलं नाही.

लोहचुंबक म्हणून आमच्या घरात एकच वस्तू निघाली, फ्रिजवरचा गणपती. बॉनेटवर बाप्पा बसले, दारावर बसले. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवले तसे सावकाश घसरत मातीत उतरले. "लांबी," मेस्त्री म्हणाले. पत्रा सडला की लांबी भरून वर रंग मारतात, आणि लांबीला चुंबक धरत नाही. मालकांनी बाप्पांना उचलून कपाळाला लावलं. "तिथे फणस पडला होता हो."

टायर "जवळजवळ नवीन" होते. कडेला चार आकडे: १८११. मला क्षणभर वाटलं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. ते २०११ च्या अठराव्या आठवड्यातले निघाले. म्हणजे मी उगाच हसलो.

पुराचं पाणी मात्र शिरलेलं नव्हतं. सीटखाली, डॅशबोर्डमागे बोटं फिरवून मेस्त्रींनी गाळ शोधला, मिळाला नाही. मालकांना हुरूप आला. "पूर सोडा, हिला समुद्राचं खारं वारंसुद्धा लागलेलं नाही." तेव्हाच मेस्त्रींचे गुडघे अचानक दुखायला लागले आणि मला खाली शिरावं लागलं. सांगितल्याप्रमाणे चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, एका भोकात स्क्रूड्रायव्हर घालून मी हलवला. आधी गंजाचे पापुद्रे तोंडावर पडले, मग बारीक वाळूची धार लागली, आणि शेवटी टिचकन एक शिंपला चष्म्यावर. नखाएवढा, गुलाबी काठाचा. मी तो हात बाहेर काढून दाखवला. वर बराच वेळ शांतता होती.

"पोरं गेली असतील गुहागरला," मालक म्हणाले.

मग त्यांनी हुकमी पान टाकलं. "फोर-व्हील एकदाही वापरलेली नाही!" मेस्त्रींचा चेहरा पडला. न वापरलेली फोर-व्हील न उघडलेल्या छत्रीसारखी असते, ऐन पावसात ती उघडेल की नाही हे तेव्हाच कळतं. पुढच्या चाकांच्या मध्यावरच्या गोल चकत्या, म्हणजे हब, हाताने 'लॉक'वर फिरवायच्या. एक फिरली. दुसरी रॉकेल पाजून, पान्याने दटावून वीस मिनिटांनी हलली. एक जरी मोकळी राहिली तरी पुढची ताकद त्या बाजूलाच फुकट जाते. लिव्हर पुढे-मागे करता करता 'खाट्' झालं आणि जीप मागच्या शेतात चारी चाकांनी ढेकळं फोडत निघाली. मी टाळ्या वाजवल्या. आणखी दहा हजार गेले.

आता लागलेली फोर-व्हील सुटेना. मेस्त्रींनी टणक बांधावर गाडी वळवली होती. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, टणक जमिनीवर ती घसरूही शकत नाहीत, आणि सगळा पीळ मधल्या शाफ्टमध्ये साठतो. तो उलगडायला सरळ रिव्हर्स घ्यायची. त्यामुळे आम्ही तिघं पाठमोरे अंगणात आलो. म्हशींनी वाट दिली.

मेस्त्रींनी एसटीच्या तिकिटामागे हिशेब मांडला: किंगपिनची बेअरिंग, दोन क्रॉस, पाट्यांचे बुश, ऑइल सील, पाच टायर, चेसिसला वेल्डिंग. खाली रेघ मारून लिहिलं, "घेऊ नका." मी घेतली. फॉर्म २९, फॉर्म ३०, पेन्सिलीने चेसिस नंबरची छाप, सगळं झालं. शिंपला आता डॅशबोर्डवर बाप्पांच्या शेजारी असतो.

वेल्ह्याचा तो दीड किलोमीटर यंदा डांबरी झाला.

मेस्त्रींची ताकीद आहे, महिन्यातून एकदा फोर-व्हील लावून गाडी थोडी चालवायची, नाहीतर पुन्हा धरेल. पण डांबरावर नाही. म्हणून दर पहिल्या रविवारी सोसायटीमागच्या खोदलेल्या प्लॉटवर मी तिला नेतो. त्याच वेळी कुत्री फिरवणारेही येतात. परवा जरा उशीर झाला, तर वॉचमन काळजीनं म्हणाला, "काका, हिची वेळ सातची ना?"