उन्हाळ्यातला माळ मेलेला नसतोय, काडी लावू नका

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात मार्च लागला की एक मेसेज फिरायला लागतो: भीमगड अभयारण्याच्या बाजूचा माळ उन्हाळ्यात मेलेला असतो, फूल नाही फुलपाखरू नाही, जाळून टाका, पावसात दोन्ही दुप्पट येतील, रुईवरच्या अळ्या कीड आहेत त्या मारा आणि फुलपाखरांसाठी दारात टणटणी लावा. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं असेल, पण हे वाचून कोणतरी खरंच काडी लावतंय म्हणून लिहितोय.

फूल नाही? जांबोटीच्या रस्त्यानं जावा की, धायटी लालभडक, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या, नंतर अंजनीच्या फांद्यांना निळीजांभळी फुलं.

फुलपाखरं पण असतात, दिसत नाहीत एवढंच. ईव्हनिंग ब्राउन नावाच्या फुलपाखराच्या पंखाखाली पावसाळ्यात डोळ्यासारखे गोल ठिपके असतात, कोरड्या दिवसातल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि रंग वाळक्या पानाचा होतो. एकदा पाचोळ्यात पाय टाकणार तेवढ्यात एक पान उडालं, दोन हात लांब जाऊन बसलं आणि मी तिथंच वाकून बघत राहिलो तरी परत सापडेना. याची अळी गवतच खाते.

जाळल्यावर कोंब लवकर फुटतात हे खरं, गुरांना बरं. पण त्या गवतात अंडी असतात, अळ्या असतात, कोष असतात, कोष पळणार कुठं? उडणारी थोडी वाचतात, म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही. वरचा पालापाचोळा जळाला की वळवाच्या पावसात उघडी माती सरळ ओढ्यात जाते, आणि आमचे ओढे म्हणजे मलप्रभा आणि म्हादईचं पाणी. अभयारण्यात आग लावणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेही सांगून ठेवतो.

रुईवरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी म्हणजे बिबळ्या कडवा, प्लेन टायगर. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते म्हणून पक्षी तिला सहसा खात नाहीत. तुमच्या भाताला, मिरचीला ती शिवत पण नाही.

टणटणीवर फुलपाखरं मध प्यायला येतात, कबूल, पण ते झुडूप अमेरिकेतलं, एकदा माजलं की खाली गवत उरत नाही. त्यापेक्षा दारात लिंबू, कढीपत्ता लावा, लाइम बटरफ्लाय त्यावर अंडी घालतं. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं तर ती त्याची लहान अळी असते, तेवढं औषध मारू नका.