पोपटाला बंदी, मकावला नोंदणी

आपला साधा हिरवा पोपट, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला, कोल्हापुरात पिंजऱ्यात ठेवला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. तोच पोपट मी राहतो त्या पश्चिम लंडनमध्ये थव्याथव्याने फिरतो. कधीकाळी कुणाकुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही पिल्लावळ. (जिमी हेंड्रिक्सने सोडले, ही दंतकथा इथले लोक फार चवीने सांगतात.) मागच्या अंगणात पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांवर ते उलटे लटकतात, सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफलं खाली टाकतात आणि बिचाऱ्या रॉबिनला जवळ फिरकू देत नाहीत. इथे तो विकत घेऊन पाळता येतो, फक्त मोकळा सोडायचा नाही. आपल्याकडे ठेवणं गुन्हा, इथे सोडणं. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहे, कारण तिकडे तो रानातला आहे आणि इकडे उपरा.

हे सांगायचं कारण असं की जुलै २०२५ पासून घरच्या मंडळींशी फोनवर बोलताना गाडी हमखास ‘तुमच्याकडं कसं असतंय?’वर येते. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण उच्च न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला अंबानींच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्राकडे गेली, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला आणि अख्खा जिल्हा पेटला. नांदणी ते कोल्हापूर पदयात्रा निघाली, लोकांनी अंबानींच्याच जिओची सिमकार्डं बदलली. एक गट म्हणतो, आमच्या लेकीसारखी होती, नेलीच कशी? दुसरा म्हणतो, परदेशात असं हत्तीला बांधून ठेवलं असतं तर मालक तुरुंगात गेला असता.

त्या दुसऱ्या गटाला सांगतो, इथे सगळं आलबेल नाही. लंडनच्या हॅरॉड्समधून १९६९ मध्ये दोन तरुणांनी सिंहाचा छावा विकत आणला होता आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. धोकादायक जंगली जनावरं पाळण्याबाबतचा कायदा आला १९७६ मध्ये. आजही बॉल पायथन जातीचा अजगर पाळायला इथे कसलाही परवाना लागत नाही. मार्मोसेटसारखी चिमुकली माकडं तर लोकांनी वर्षानुवर्षं दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यात ठेवली. माकडांसाठी परवान्याची सक्ती इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६ पासूनची. तेव्हा ‘परदेश’ म्हणून कुणी एक शहाणा देश नसतो. नेदरलँड्समध्ये जुलै २०२४ पासून उलटी यादी आहे: पाळता येतील तेवढेच सस्तन प्राणी लिहिलेत, बाकी सगळे नाहीत. मला ही पद्धत सगळ्यात सरळ वाटते.

आणि आपण तरी कुठले साधे? कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. देशातले कमी पडायला लागले तेव्हा आफ्रिकेहून मागवले. हत्तींच्या साठमारीचं मैदान आजही त्याच नावाने ओळखतात. परदेशी जनावर दारात असणं ही आमच्याकडे मिरवायची गोष्ट होती. आता राजवाड्याच्या जागी मोबाइलचा कॅमेरा आलाय, एवढंच.

आत्ताचा आपला कायदा काय म्हणतो ते बघू. २०२० मध्ये केंद्राने सांगितलं, घरात मकावसारखे (परदेशी मोठे रंगीत पोपट) विदेशी प्राणी-पक्षी असतील तर सहा महिन्यांत आपणहून कळवा, कागद मागणार नाही. देशभरातून ३२ हजारांहून अधिक लोकांनी आपल्याकडचे विदेशी प्राणी-पक्षी जाहीर केले. कुठून आले, कुणी आणले, विचारायचं नव्हतं. तस्करीचा माल एका अर्जाने सोवळा झाला. पुढे २०२२ ची दुरुस्ती आली आणि वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत गेल्या. २०२४ च्या नियमांनी त्यांची केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. पिल्लू झालं तरी कळवायचं, मेलं तरी कळवायचं. पाऊल चांगलं आहे. पण क्रम बघा: प्राणी आधी घरात येतो, मग त्याची नोंद होते.

राजारामपुरीतल्या माझ्या पुतण्याचं तेच चाललंय. अकरावीत आहे, त्याला इग्वाना हवाय. ‘काका, नोंदणी करतो की रीतसर, हजारभर रुपयांचं काम हाय.’ मी विचारलं, दिवसभर ऊब आणि अतिनील प्रकाशाचा दिवा कुठे लावणार? गॅलरीत, म्हणे. पाच फुटांचा झाल्यावर? त्यावर उत्तर नाही. दोन वर्षांनी हा पुण्याला शिकायला जाणार आणि इग्वानाला मेथी निवडून घालायला वहिनी उरणार. वहिनींना पालसुद्धा चालत नाही. नोंदणीसाठी यातलं काहीच अडत नाही.

इथल्या १९७६ च्या कायद्यातून घ्यावं असं एकच आहे. त्याच्या यादीतलं जनावर हवं असेल तर आधी नगरपालिकेत अर्ज करायचा. पशुवैद्य जागा बघून जातो, विमा काढावा लागतो, आणि परवाना मिळतो तो दोन वर्षांपुरता. माणूस पैसेवाला आहे की भाविक, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पिंजरा, पाणी, ऊब, कुंपण, एवढंच तो बघतो. इथेही सगळे परवाना काढतातच असं नाही, पण प्रश्न तरी बरोबर विचारला जातो.

महादेवीच्या बाबतीत तो प्रश्न कोर्टात पोचेपर्यंत नीट विचारलाच गेला नाही. हत्तिणीची पाहणी केलेल्या उच्चाधिकार समितीच्या अहवालात पायांच्या आजाराचा उल्लेख होता, मठाचं म्हणणं वेगळं होतं, आणि गावाला काय खरं ते ठरवायला हातात काहीच नव्हतं. ती १९९२ पासून तिथे होती. मालकी कुणाची, यावर सगळे हिरिरीने बोलले.

माझे मित्र म्हणतात, आपल्याकडे तपासणी आली की हप्ता आला. येईल. म्हणून पोपट-इग्वाना राहू देत बाजूला, जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके पाळीव हत्ती असतील त्यांच्यापासून धरा. वर्षातून दोनदा सरकारी पशुवैद्य, आणि त्याचा अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर. नखं वाढलीत, पायाला जखम आहे, असं तिथे लिहिलेलं दिसलं असतं तर नांदणीच्याच बायाबापड्यांनी कोर्टाच्या कितीतरी आधी माहुताला धारेवर धरलं असतं.